दारफाळणीचा सण: योम किप्पूर नीट कसा पाळावा

योम किप्पूरबद्दल, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल, कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही. ते खरं आहे, पण त्या दिवसाचा तो सगळ्यात सोपा भाग. धडधाकट माणूस एक दिवस उपाशी राहू शकतो; हरतालिकेला आपल्या शेजारणी निर्जळी राहतातच. अवघड काम आधीच्या दहा दिवसांत असतं, आणि ते टाळून थेट उपासाला बसणारे आमच्यात पुष्कळ आहेत. म्हणून इथे खाण्यापिण्यापेक्षा माफी मागण्यावर जास्त लिहिलंय.

लिहितोय ते मुख्यतः कोकणातून आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांतल्या तरुण मंडळींसाठी, ज्यांचा सिनेगॉगशी, म्हणजे प्रार्थनामंदिराशी, संबंध वर्षातून एकदोनदा येतो. आणि लग्न होऊन अशा घरात आलेल्यांसाठी. आमची प्रार्थना सफारदी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीची. युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांचा रिवाज जिथे वेगळा आहे, तिथे तसं सांगेन.

आमच्या जुन्या लोकांच्या बोलीत हा 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारं बंद करून घेण्याचा. अलिबाग, पेण, रोहा, मुरुडकडच्या गावांत तेलाचा घाणा चालवणारे आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू प्रार्थनापुस्तकं हाताशी नव्हती, रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. तरीही पांढरे कपडे घालून, दार लावून, उपाशीपोटी हा एक दिवस घरात काढायचा, एवढं पिढ्यान् पिढ्या टिकलं. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत शाआर हाराहामीम बांधलं, ते आमचं पहिलं सिनेगॉग. तेव्हापासून हा दिवस हळूहळू घरातून सिनेगॉगमध्ये गेला.

तारीख आणि आसपासचे दिवस

यहुदी पंचांगात हा तिश्री महिन्याचा दहावा दिवस. महिना चंद्राचा, म्हणून आपल्याकडे तो नेहमी शुद्ध दशमीच्या आगेमागे पडतो, कधी भाद्रपदात, कधी आश्विनात. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला, नेमका दसऱ्याच्या दिवशी आला. २०२६ मध्ये रविवार २० सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून सोमवार २१ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत, म्हणजे ऐन गणेशोत्सवात. २०२७ मध्ये ११ ऑक्टोबर, सोमवार. २०२८ मध्ये ३० सप्टेंबर, शनिवार. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, इतर उपास पुढे ढकलतात, हा मात्र शनिवारी आला तरी शनिवारीच धरायचा.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसले की संपतो. मुंबईत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, पण शेवटचं जेवण तोपर्यंत ताणायचं नाही. उजेड असतानाच उपास धरायचा असतो. नक्की वेळा तुमच्या सिनेगॉगच्या पत्रकावरून घ्या. मोबाइलवरचं ॲप शहर बदलून दाखवत नाही ना, तेही बघा.

तयारी महिनाभर आधी, एलूल महिन्यात सुरू होते. सफारदी लोक एलूलच्या आरंभापासून पहाटे उठून 'सलिहोत' म्हणतात, म्हणजे क्षमायाचनेची स्तोत्रं. अश्केनाझी रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नव्या वर्षाच्या, आधीच्या आठवड्यात सुरू करतात. आमच्याकडे एलूलमध्ये उपास धरायची चाल होती आणि त्याला चक्क 'रमजान' म्हणत. शेजार मुसलमानांचा असला की शब्द येतातच. उपासाला आम्ही रोजाच म्हणायचो आणि सिनेगॉगला मशीद. महिनाभर पहाटे उठणं जमणार नसेल, तर रोश हशानानंतरचे दिवस तरी पकडा. नव्या वर्षाचा पहिला दिवस ते योम किप्पूर, असे हे दहा पश्चात्तापाचे दिवस. त्यात तिश्रीच्या तिसऱ्या दिवशी गदल्या या यहुदी सुभेदाराच्या हत्येच्या आठवणीचा छोटा उपास येतो, जुन्या लोकांचा 'नव्याचा रोजा'. तो पहाटेपासून रात्रीपर्यंतच असतो. २०२६ मध्ये तो १४ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्याच दिवशी आहे. शेजारून मोदकांचं ताट आलं तर रात्रीसाठी ठेवा.

माफी कशी मागायची

मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात, योमा नावाच्या भागाच्या शेवटी, नियम स्वच्छ दिलाय. माणसाने देवाचं जे केलं असेल ते योम किप्पूर धुऊन काढतो. माणसाने माणसाचं जे केलं असेल, ते त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय धुतलं जात नाही. तिथेच असंही म्हटलंय की 'आता पाप करतो, मग योम किप्पूर आहेच' असं म्हणणाऱ्याला योम किप्पूरचा उपयोग नाही. आता दिवसभर उपाशी राहून सख्ख्या भावाशी अबोला तसाच ठेवला असेल, तर काय उरलं ते तुम्हीच बघा.

पहिलं काम: एक कागद घ्या आणि वर्षभरातली माणसं आठवा. घर, नातेवाईक, ऑफिस, सोसायटी, कामवाल्या बाई, रिक्षावाला. ज्यांच्याशी भांडण झालं त्यांची नावं लगेच येतात. ज्यांच्या पाठीमागे आपण बोललो त्यांची येत नाहीत, कारण त्यांना ते कळलेलंच नसतं. तीही लिहा. यादी चारपाच नावांत संपली तर पुन्हा बसा.

पैशाचा मामला असेल तर आधी पैसे. उसने परत करायचे राहिले, कुणाची मजुरी कापली, वडिलांच्या घराच्या वाटणीत बहिणीला कमी दिलं, तर शब्दांनी काही होत नाही. आधी परत करा आणि मग बोला. बाराव्या शतकातल्या रामबामने, म्हणजे मैमोनिदेसने, हे नियम लिहून ठेवलेत: देणं फेडल्यावरही समजूत घालणं उरतंच.

मग भेटा. समोरासमोर जमलं तर उत्तम, नाहीतर फोन. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच मेसेज पाठवणं म्हणजे काहीच न करणं. याच सुमारास जैनांची संवत्सरी होते आणि 'मिच्छामि दुक्कडम'चे फॉरवर्ड येतात. आमच्यातही हिब्रूतलं तसंच चित्र ढीगभर फिरतं. शुभेच्छा म्हणून ठीक आहे, पण माफी म्हणून धरू नका.

बोलताना गोष्टीचं नाव घ्या. "वहिनी, मागच्या मालिद्याच्या वेळी सगळ्यांसमोर मी तुमच्या माहेरावरून बोललो. बोलायला नको होतं. माझं चुकलं, माफ करा." एवढं पुरे. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं म्हणू नका; त्यात चूक त्यांच्या वाईट वाटण्याची ठरते. आपण का तसं वागलो याची कारणंही देत बसू नका. त्यांनी विचारलं तर सांगा.

एक अपवाद आहे आणि त्यावर रब्बींमध्ये मतभेदही आहेत: पाठीमागे केलेली निंदा त्या माणसाला मुळीच ठाऊक नसेल आणि सांगितल्याने त्याला नव्याने दुखणार असेल, तर सविस्तर सांगू नये असं अनेकांचं मत. मलाही ते पटतं. आपलं मन हलकं करायला दुसऱ्याचं जड करू नये. मोघम माफी मागा, आणि ज्यांच्याकडे निंदा केली त्यांच्याकडे जाऊन ती दुरुस्त करा. तेच खरं अवघड असतं.

समोरचा ऐकत नसेल तर? रामबाम सांगतो की त्याचे तीन मित्र बरोबर घेऊन जा. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतर तुमची जबाबदारी संपते. मात्र तो तुमचा गुरू असेल तर तीनाची मर्यादा नाही, हजार वेळाही जावं लागेल. ज्याची माफी मागायची तो वारला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर नाव घेऊन कबुली द्यायची. नवगाव, अलिबाग, रेवदंड्याकडच्या कबरस्तानांत आपली माणसं आहेत. शहरातून जायचं तर सुट्टीचा दिवस हेरून ठेवावा लागतो.

दुसरी बाजूही आहे. कुणी तुमच्याकडे माफी मागायला आलं तर अडून बसू नका. मनापासून मागणाऱ्याला माफ न करणं रामबामच्या लेखी निष्ठुरपणा आहे. सासवांनी हे विशेष वाचावं.

आदला दिवस

तिश्रीच्या नवव्या दिवशी भरपूर खाणं हे पुण्यकर्म मानलंय, उपास धरण्याइतकंच. तेव्हा सकाळपासून उपाशी राहून संध्याकाळी एकदम ताव मारू नका.

चहा-कॉफीवाल्यांनी आठवडाभर आधीपासून कप कमी करत आणायचे. योम किप्पूरच्या दुपारी जी डोकी दुखतात, त्यातली निम्मी भुकेने नव्हे तर चहाने दुखतात. दोन कप असतील तर एक, मग अर्धा, आणि आदल्या दिवशी शून्य. तंबाखू-सिगरेटवाल्यांनाही हेच लागू; त्या दिवशी तीही चालत नाही.

पाणी आदल्या सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. शेवटच्या दहा मिनिटांत तीन तांबे ढोसले तर ते तासाभरात बाहेर पडतं, आणि तुम्ही कोल निद्रे, म्हणजे त्या संध्याकाळची पहिली प्रार्थना, सोडून बाथरूमच्या रांगेत.

शेवटचं जेवण साधं हवं. सुकट, बोंबील, पापड, लोणचं त्या दिवशी ताटात नको. मिठाने रात्रीच तहान लागते. मसाला कमी. भात, पोळी, मऊ वरण, दुधी किंवा भोपळ्याची भाजी, कोंबडीचा पातळ रस्सा नारळाच्या दुधात. कोंबडी असेल तर दही-ताक नाही, हे आमच्या घरांत सांगायला नको. नंतर दोनचार खजूर, कलिंगड किंवा पपई. तळलेलं आणि फार गोड टाळा. जेवण उपासाच्या वेळेच्या अर्धा तास आधी उरकलं की दात घासायला आणि शेवटचं पाणी प्यायला वेळ मिळतो.

कप्पारोत ही चाल काही घरांत आहे: कोंबडा किंवा कोंबडी डोक्यावरून फिरवून, कापून गरिबाला देणं. शुल्हान आरूख हा आमचा कायद्याचा ग्रंथ लिहिणाऱ्या योसेफ कारोने ही चाल बंदच करावी असं लिहिलंय. आता बहुतेक ठिकाणी रुमालात पैसे बांधून ते फिरवतात आणि दान करतात. हेच बरं. शहरी फ्लॅटमध्ये कोंबडा आणणार कुठून, आणि गरिबाला पैसे जास्त उपयोगी.

जेवणाआधी अंघोळ करून घ्या. पुढचे पंचवीस तास ती नाही. मग मुलांना जवळ घेऊन डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. मुलं मोठी झालेली असली तरी. परदेशात असतील तर फोनवर, सूर्यास्ताच्या आत.

दिवा. सणाचे दिवे लावायचेच, आणि त्याशिवाय घरात एक मोठा दिवा असा लावायचा की जो दुसऱ्या रात्रीपर्यंत जळेल. घरातलं कुणी वारलं असेल तर त्यांच्या नावाचाही. बाजारात चोवीस तासांच्या मेणबत्त्या मिळतात, पण चोवीस तास पुरत नाहीत. सव्वीस तरी हवेत. जुनी पद्धत अजूनही उत्तम: जाड काचेच्या पेल्यात तळाशी दोन बोटं पाणी, वर खोबरेल आणि त्यात बुचाच्या चकतीतून ओवलेली तरंगती वात. पेला पितळी ताटात ठेवा, पडद्यापासून आणि खिडकीच्या वाऱ्यापासून लांब. आठवडाभर आधी एकदा लावून बघा, कारण तुमच्या पेल्यात किती तेलाला किती तास जळतं ते तुम्हालाच मोजावं लागेल. दुसऱ्या रात्री हवदालाला, म्हणजे सणाच्या निरोपाच्या विधीला, हीच ज्योत लागते. त्या रात्री नव्याने काडी ओढून लावलेला दिवा चालत नाही.

पाच गोष्टी बंद

अन्नपाणी, अंघोळ, अंगाला तेल-अत्तर, चामड्याची पादत्राणं, नवराबायकोचा संग. या पाचांवर शब्बाथचे सगळे नियम: विस्तव, स्वयंपाक, लिहिणं, पैसे, गाडी, मोबाइल. घरातले दिवे-पंखे आधीच लावून किंवा टायमरवर ठेवा आणि फ्रिजमधला बल्ब काढून टाका.

अन्नपाण्यात पाण्याचा थेंबही नाही. साबुदाण्याची खिचडी, दूध, फळं यातलं काहीच चालत नाही. दात घासणं नाही, चूळ नाही. सकाळी उठल्यावर हात फक्त बोटांच्या पेरांपर्यंत धुवायचे. हाताला घाण लागली, बाळाचं लंगोट बदललं, तर तेवढा भाग धुवायला हरकत नाही. मनाई आहे ती सुखासाठी धुण्याला.

चपलांचं आपल्याकडे सोपं आहे. रबरी स्लिपर, कॅनव्हासचे बूट, प्लास्टिकचे सँडल, काहीही. फक्त त्यात कुठे चामडं नाही ना ते बघा, कोल्हापुरी नको. चामड्याचा पट्टा चालतो, मनाई पायापुरतीच.

कपडे पांढरे. पुरुष पांढरा सदरा, बायका पांढरी किंवा फिकी साडी. घरी असेल तर मऊ सुती; दिवसभर उभं-बस करायचं असतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेगॉगमध्ये पंख्याखालची जागा लवकर जाते.

सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर जवळ कुणाकडे मुक्काम ठरवा. पूर्वी उमरखाडी, भायखळा, जेकब सर्कल भागात आपली वस्ती होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. आता लोक ठाणे, डोंबिवली, मीरा रोडला पांगलेत, आणि लांबचे बरेच जण गाडीनेच येतात. कुणी आलं तर नाक मुरडू नका. २०२६ मध्ये गणपतीच्या मिरवणुका आणि बंद रस्ते आहेत, तेव्हा मुक्कामच शहाणपणाचा.

संध्याकाळ: कोल निद्रे

सूर्यास्ताच्या आत पोचा, नाहीतर मुख्य गोष्ट हुकेल. ताल्लेत, म्हणजे प्रार्थनेची शाल, एरवी सकाळीच घेतात. वर्षात हीच एक रात्र अशी की ती रात्रभर अंगावर असते, आणि उजेड असतानाच आशीर्वाद म्हणून घ्यायची. हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, उघडून तोराचे, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाचे, सेफेर (गुंडाळ्या) बाहेर काढतात, ते हातात घेऊन वडीलधारे हझानभोवती, म्हणजे प्रार्थना म्हणवणाऱ्याभोवती, उभे राहतात, आणि हझान आरामी भाषेतलं कोल निद्रे तीनदा म्हणतो.

त्यात नवस आणि शपथा रद्द होतात. यावर पूर्वी यहुद्यांवर बरेच आरोप झाले की हे लोक शब्द पाळत नाहीत. रद्द होतात ते माणसाने स्वतःवर घातलेले, देवापुढचे नवस. दुसऱ्याला दिलेला शब्द, करार, कर्ज यातलं काही नाही. त्यासाठी वर सांगितलेली यादीच.

त्या रात्रीपासून पुढच्या रात्रीपर्यंत पाच प्रार्थना: अर्वीत (रात्रीची), शाहारीत (सकाळची), मुसाफ (जादा), मिन्हा (दुपारची) आणि नेईला (शेवटची). प्रत्येकीत 'विदुय', म्हणजे कबुली, येते. उभं राहून, थोडं वाकून, उजव्या मुठीने छातीवर हलका ठोका देत एकेक पाप म्हणायचं: अशामनू, बागादनू, गाझालनू... आम्ही अपराधी आहोत, आम्ही दगा दिला, आम्ही लुबाडलं. हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने यादी जाते. सगळी 'आम्ही'ने. तुम्ही चोरी केली नसली तरी म्हणायचं, कारण शेजारी उभ्या माणसाने केली असेल तर त्याला एकट्याला म्हणावं लागू नये. हिब्रू वाचता येत नसेल तर मराठी अर्थ वाचा. देवाला मराठी कळते. दोन ओळींत थांबून आपली स्वतःची गोष्टही मनात म्हणा, मोठ्याने नको.

दिवसभरात काय चालतं

सकाळी तोरातून लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचतात: मंदिरातला महायाजक, दोन बकरे, एक देवासाठी आणि एक सगळ्यांची पापं लादून रानात, अझाझेलकडे, सोडलेला. त्यानंतर यशायाचं वाचन येतं, आणि तिथे कान द्या. भुकेने आणि जागरणाने पेंगत असताना संदेष्टा विचारतो: मला असा उपास हवा होता का? माणसाने लव्हाळ्यासारखी मान वाकवायची, गोणपाट पसरायचं, याला तुम्ही उपास म्हणता? मग तो सांगतो की भुकेल्याला भाकर वाटा, घर नसलेल्याला आत घ्या, उघड्याला वस्त्र द्या. उपासाच्या ऐन मध्यावर उपासाचीच झाडाझडती घेणारं वाचन ज्यांनी निवडलं, त्यांना मी मानतो.

मुसाफमध्ये महायाजकाच्या सेवेचं वर्णन येतं आणि त्या वेळी गुडघे टेकून जमिनीवर डोकं ठेवतात. आपली सिनेगॉगं लादी किंवा दगडी फरशीची. उघड्या दगडावर चेहरा टेकायचा नसतो, म्हणून एक छोटा टॉवेल बरोबर न्या. गुडघे दुखत असतील तर नुसतं वाकलं तरी चालतं.

दुपार सर्वांत कठीण. डोकं जड होतं, घसा कोरडा पडतो, घड्याळ हलत नाही. थोडा विश्राम असतो तेव्हा घरी किंवा सिनेगॉगच्या बाकावर पडा. उन्हात फिरू नका. गप्पा टाळा, विशेषतः खाण्याच्या. लिंबात लवंगा टोचून तयार केलेलं एखादं फळ हातरुमालात ठेवा आणि अधूनमधून आशीर्वाद म्हणून हुंगा. हुंगण्याला मनाई नाही, आणि त्याने तरतरी येते. लिंबात लवंगा आदल्या दिवशीच टोचून घ्यायच्या.

मिन्हाला योनाचं पुस्तक वाचतात. बहुतेकांना त्यातला मासा तेवढा आठवतो. योना याफोच्या बंदरातून जहाजाने पळतो, वादळ येतं, मासा गिळतो, तीन दिवसांनी ओकतो, मग तो निनवेला जाऊन नगर बुडणार असं सांगतो. निनवेचे लोक उपास धरतात, गोणपाट नेसतात, गुराढोरांनाही उपाशी ठेवतात. पण पुढचं वाक्य बघा: देवाने त्यांची कृत्यं पाहिली, की ते वाईट मार्गावरून वळले. मिश्नातले शिक्षक यावर बोट ठेवतात: त्यांचे गोणपाट आणि त्यांचा उपास पाहिला, असं तिथे लिहिलेलं नाही.

उपास कुणी धरू नये

हा भाग वगळू नका. जीव वाचवणं योम किप्पूरहून मोठं आहे. यात मतभेद नाही. ज्याच्या जिवाला उपासाने धोका आहे त्याने खाणं हेच त्या दिवशीचं धर्मकर्तव्य, आणि हट्टाने न खाणं हा अपराध. तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, तर असं आहे की वैद्य म्हणाले खायची गरज नाही, पण आजारी माणूस म्हणाला मला गरज आहे, तर आजाऱ्याचं ऐकायचं. अगदी शंभर वैद्य उलट म्हणाले तरी.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचे, हृदयाचे रुग्ण, नुकती शस्त्रक्रिया झालेले, खाण्याच्या विकारातून बाहेर येणारे: यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावं आणि मग रब्बींना. दोघांनाही. डॉक्टरांना 'उपास' एवढंच सांगू नका, 'पंचवीस तास पाणीसुद्धा नाही' असं स्पष्ट सांगा. नाहीतर ते फळं-दुधाचा उपास समजून हो म्हणतील. बाळंतिणीने पहिले तीन दिवस उपास धरायचाच नाही. पुढे सातव्या दिवसापर्यंत तिला गरज वाटली तर खायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्यांना सरसकट सूट नाही, पण चक्कर, कळा, दूध कमी होणं यातलं काही झालं तर थांबायचं. आधी विचारून ठेवलेलं बरं.

रब्बी अनेक आजाऱ्यांना थोडं थोडं खायची वाट सांगतात. एका वेळी पाणी गाल भरेल त्याहून कमी, मोठ्या माणसाला साधारण ४० मिलीच्या आत, आणि घन अन्न ३० मिलीच्या मापाच्या आत; मग नऊ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं टोपण यासाठी उत्तम, आदल्या दिवशी धुऊन ठेवा. पण धोका मोठा असेल तर मापं बघत बसायचं नाही, सरळ खायचं-प्यायचं. उपास धरलेल्या कुणालाही असंबद्ध बोलणं, छातीत दुखणं, थरथर, घेरी असं दिसलं तर आधी साखरपाणी आणि मग अॅम्ब्युलन्स. फोन लावताना शब्बाथचा विचार करायचा नाही.

मुलांचं: नऊ वर्षांखालच्यांना उपास नाही, ते कितीही म्हणोत. नऊ-दहाची निरोगी मुलं न्याहारी दोनचार तास उशिरा करून सवय करतात. पूर्ण उपास मुलींना बारा वर्षं पूर्ण झाल्यावर, मुलांना तेरा.

नेईला, शोफार आणि पुऱ्या

शेवटची प्रार्थना नेईला, बंद होणाऱ्या दारांची. सूर्य खाली गेलेला असतो आणि दिवसभर बाहेर गेलेली मंडळी परत येऊन सिनेगॉग भरतं. आमच्याकडे 'एल नोरा अलीला' हे स्तोत्र सगळे मिळून मोठ्याने म्हणतात, आणि तासाभरापूर्वी ज्यांच्यात उभं राहायची ताकद नव्हती तेही म्हणतात. पुष्कळ ठिकाणी या पूर्ण वेळात हेखाल उघडा असतो, म्हणून ज्यांना जमेल ते उभेच राहतात. शेवटी शमा, म्हणजे देव एकच आहे ही कबुली, एकदा, आणि 'अदोनाय हू हाएलोहीम' (परमेश्वर हाच देव) सात वेळा. मग शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, वाजतो. तो कानावर पडला म्हणून लगेच खिशातली गोळी तोंडात टाकू नका. अर्वीत आणि हवदाला बाकी आहे.

उपास सोडताना आधी पाणी किंवा मनुकांचं सरबत, घोटाघोटाने. काळ्या मनुका आदल्या दिवशीच उकळून, कुस्करून, गाळून फ्रिजमध्ये ठेवता येतात. मग पुरी. बेने इस्राएल घरांतली पुरी म्हणजे करंजीच: रवा, खोबरं, साखर, वेलची आणि चारोळी भरलेली, तेलात तळलेली. तूप नको, म्हणजे ती मटणाच्या जेवणाबरोबरही चालते. या पुऱ्या दोन दिवस आधी तळून डब्यात भरून ठेवायच्या. एक किंवा दोन खा आणि वीस मिनिटं थांबा, मग हलकं जेवण. रिकाम्या पोटावर बिर्याणी चढवणारे रात्री दोनला जागे असतात.

शिळा सण

दुसरा दिवस आमचा 'शिळा सण'. दारं उघडायची, नातलगांना भेटायचं, गरिबांना अन्न, मिठाई आणि पैसे वाटायचे. जुनी माणसं म्हणायची की पितर दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. त्याचं तोरात काही नाही. सर्वपित्रीच्या शेजारात राहिलेल्या लोकांची ती समजूत असावी. पण वाटपाची चाल पक्की आहे आणि ती सोडू नका. यशायाचं वाचन आदल्या सकाळीच ऐकलेलं असतं.

इस्रायलमध्ये लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथल्या आमच्या मराठी बोलणाऱ्या घरांत 'दारफाळणी' आणि 'शिळा सण' हे शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. तिथे योम किप्पूरला रस्त्यावर गाडी नसते, मुलं महामार्गावर सायकली फिरवतात. ६ ऑक्टोबर १९७३ ला त्याच शांततेत युद्ध सुरू झालं होतं, म्हणून त्या दिवशी तिथली बरीच ज्येष्ठ मंडळी त्याबद्दल बोलतात. विचारलंत तर सांगतील.

घरात बिगर-यहुदी जावई, सून किंवा पाहुणे असतील तर त्यांनी उपास धरायची गरज नाही. मनापासून वाटलं तर पांढरे कपडे घालून संध्याकाळी नेईलाला या, पुरुषांनी डोकं झाका, फोन बंद ठेवा, फोटो नको. बाहेर पोलीस किंवा रखवालदार असतील तर ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून सिनेगॉगच्या मंडळींना आधी कळवून ठेवा. शुभेच्छा देताना 'हॅपी योम किप्पूर' म्हणू नका. आधी भेटलात तर 'गमार हातिमा तोवा', नंतर भेटलात तर 'तिझकू लेशानीम राब्बोत'. नुसतं 'शालोम' म्हटलं तरी कुणी रागावत नाही.

सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, पाचव्या दिवशी येतो. मांडवाची पहिली काठी योम किप्पूर संपल्याच्याच रात्री रोवण्याची चाल आहे. झावळ्या मात्र आधीच सांगून ठेवा. त्या आठवड्यात झावळीवाल्याकडे सगळेच जातात.